महत्त्वाचं म्हणजे किती महत्त्वाचं

१२ जानेवारी

आज आमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना फैलावर घेतलं. हॉस्पिटलातली दुभाष्यांची आमची खोली एवढीशी, त्यामुळे पळून जायलाही जागा नाही!

"डॉक्टर इंग्रजीत सहा वेगवेगळे शब्द वापरतात, आणि तुम्ही सहाही वेळा 'महत्त्वाचं' म्हणून मोकळे होता. पेशंटने काय समजायचं?"

निमित्त मागच्या आठवड्याचं. डॉक्टर एका आजींना म्हणाले की स्कॅनमध्ये 'सिग्निफिकंट' बदल नाही. म्हणजे लक्षात घ्यावा, ज्यातून काही अर्थ काढावा असा बदल नाही, आजार आहे तिथेच आहे. आमच्यातल्या एकाने सांगितलं, "रिपोर्टमध्ये महत्त्वाचं काही नाही." त्या आजींनी फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात रिपोर्ट टाकला आणि घरी गेल्या. औषधही बंद!

शेवटी बाईंची नजर माझ्यावर. "तुला शब्दांचा कीस पाडायला आवडतो ना? नव्या लोकांसाठी चार पानं लिही. हे सगळे शब्द, फरक, उदाहरणं."

मी मनातून खूश झाले. लपवायचं कशाला, इथे कोण वाचतंय.

१४ जानेवारी

दुपारच्या चहाला पूर्णविरामाशी वाद. (आमच्यातले सगळ्यात जुने दुभाषी. एक वाक्य बोलतात, थांबतात, मग पुढचं. म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही.)

मी म्हटलं, चहात पत्ती 'इसेन्शियल'. ती काढली तर उरतं त्याला चहा म्हणताच येत नाही. साखर 'इम्पॉर्टंट', पण ते कुणाला हे विचारावं लागतं. तुम्हाला असेल, मधुमेहवाल्याला नाही.

ते म्हणाले, "आणि 'व्हायटल'?"

"व्हायटलमध्ये जीव आहे. ते थांबलं की माणूस थांबतो."

"क्रूशल?"

"फाट्यावरचा शब्द. इकडे वळलात तर एक गाव, तिकडे वळलात तर दुसरं."

"आणि क्रिटिकल?"

"काठावर. आत्ता सावरलं तर सावरलं."

ते थांबले. चहा प्यायले. "कागदावर छान आहे. पेशंटसमोर तू काय म्हणतेस ते मी ऐकलंय. महत्त्वाचं."

सगळे हसले. मीही.

घरी आल्यावर नानांना सांगितलं. ते खिडकीपाशी खालच्या शिंपीणबाईंच्या दुकानाची पाटी रंगवत बसले होते. निवृत्त झाले म्हणायचे, पण हातातला ब्रश सुटत नाही. म्हणाले, "'महत्त्वाची सूचना' अशा पाट्या जन्मभर रंगवल्या. दवाखान्यात, बँकेत, जिन्यात. पाटीखाली उभं राहून लोक मलाच विचारायचे, इथे काय लिहिलंय हो!"

मग सहज म्हणाले, डाव्या डोळ्यात अधूनमधून ठिणग्या दिसतात.

मी म्हटलं, दिवसभर डोळे ताणून बसता, दुसरं काय होणार.

१६ जानेवारी

नाना सकाळी म्हणाले, "डाव्या डोळ्यावर खालून पडदा चढतोय." चढतोय! ठिणग्या म्हणाले तेव्हाच न्यायला हवं होतं. मी डोळ्यांच्या विभागात इतकी वर्षं उभी राहते, मला कळायला नको?

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्याच्या मागचा पडदा सुटलाय. उद्याच ऑपरेशन.

नियम असा आहे की घरच्या माणसासाठी दुभाष्याने काम करायचं नाही. पूर्णविराम उठून आलेही होते. मी म्हटलं, "राहू द्या, माझेच वडील आहेत. मी आहे ना." ते परत जाऊन खुर्चीवर बसले.

१८ जानेवारी

ऑपरेशन झालं. नाना घरी आले. सगळं ठीक.

एक लिहून ठेवते. आज घरी सोडताना डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. तो आतून पडद्याला दाबून धरणार, जसा ओल्या खळीवर कागद चिकटवला की वाळेपर्यंत वरून हात धरावा लागतो तसा. बुडबुडा वर जातो, म्हणून चेहरा खाली. सतत. जेवणखाण आणि संडास-बाथरूम एवढ्यापुरतंच उठायचं, तेही मान खाली घालून. "द पोझिशन इज क्रिटिकल," म्हणाल्या. आणि पुन्हा, पहिले काही दिवस क्रिटिकल.

नानांच्या डोळ्याला पट्टी. हात माझ्या हातात, घट्ट. असा माझा हात त्यांनी लहानपणानंतर धरला नव्हता! त्या हाताने त्यांनी फूटपट्टीशिवाय सरळ रेघा मारल्या.

मी म्हटलं, "नाना, आठवडाभर पालथं पडून राहायचंय. महत्त्वाचं आहे हं." आणि हात दाबला.

डॉक्टरीणबाईंनी मान तिरकी केली. त्यांचं एवढं लांब आणि माझं एवढंसं! "यू टोल्ड हिम एव्हरीथिंग?"

मी यस म्हणाले.

घरी गेल्यावर नीट समजावीन असं ठरवलं होतं. घरी आल्यावर ते इतके गुपचूप पडून राहिले की वाटलं, समजलंय की सगळं. कशाला पुन्हा घाबरवा.

दादाचा फोन आला. "सिरियस नाही ना काही? माझी इथे फार इम्पॉर्टंट मीटिंग आहे. गरज असेल तर रद्द करतो."

"छे रे. डोळ्याचं तर आहे. रविवारी ये सावकाश."

१९ जानेवारी

रजा मिळाली नाही. शिंपीणबाई दिवसातून दोनदा डोकावतील. सकाळी निघताना नाना उशीत तोंड खुपसून म्हणाले, "जा तू. गादी वाचतोय मी."

२१ जानेवारी

काय करू यांचं!

दुपारी जेवायला घरी आले तर नाना खिडकीपाशी स्टुलावर. ताठ बसलेले. समोर पाटी, हातात ब्रश. मी दारातूनच ओरडले. त्यांनी शेवटच्या अक्षराची वेलांटी पूर्ण केली, ब्रश पुसला, मग वळले.

"झालं. एवढंच राहिलं होतं."

"किती वेळ बसलात?"

"सकाळपासून. काल थोडं."

मी वाट्टेल ते बोलले. पाटी पळून जाणार होती का? जन्मात एकदा कुणाचं ऐकायचं नाही! एरवी नाना एकाला दोन ऐकवतात. आज मुकाट गादीवर जाऊन पालथे झाले. मग तिथूनच म्हणाले, "बारीक ब्रश शिंपीणबाईंना देऊन टाक. खडू झाडायला होतील."

"आणि तुम्ही पुढची पाटी कशाने रंगवणार?"

त्यांनी उशी पुढे ओढली. थोड्या वेळाने, "दादा कधी येतोय?"

"रविवारी."

"लवकर नाही जमणार?"

इतकी चिडले होते की म्हटलं, त्याला कामं असतात, नाना.

पाटी मात्र देखणी झालीय. एका डोळ्याने केलीय असं कुणी म्हणणार नाही.

२४ जानेवारी

तपासणी. पडदा पुन्हा सुटला. आधीपेक्षा जास्त.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उठून बसले होते का? मी हो म्हटलं.

उद्या दुसरं ऑपरेशन. दादाला कळवलं. ओरडला नाही, नुसता "येतो" म्हणाला.

२५ जानेवारी

ऑपरेशन झालं. आता धरलं तर धरलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या वाक्याचं भाषांतर करायला मला सांगितलंच नाही. पूर्णविराम होते. मी भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी एक शब्द गाळला नाही. कागद, खळी, वरून धरलेला हात, सगळं. नाना मान हलवत होते. मध्येच विचारलं, "म्हणजे बसलो की हात निघतो कागदावरून?"

"निघतो."

"असं होय," नाना म्हणाले.

असं होय! हे त्यांना तेव्हाच सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

३१ जानेवारी

नाना आता अक्षरशः हलत नाहीत. दादा आणि मी आळीपाळीने बसतो. घोट घोट पाणी नळीने. मान अवघडून लाकूड झालीय. तक्रार नाही.

६ फेब्रुवारी

डावा डोळा गेला.

८ फेब्रुवारी

काल वही उघडली नाही.

परवा तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. पहिल्या वेळी पोझिशन किती क्रिटिकल आहे ते त्यांना स्पष्ट सांगितलं होतं ना, असं विचारलं. मी सांगितलं होतं म्हणाले. पुन्हा खोटं. म्हणजे सगळा दोष नानांचा. हट्टी म्हातारा, ऐकलं नाही, डोळा घालवला! त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि मी ते लिहू दिलं.

आज दादा निघाला. जिन्यात बूट घालता घालता म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, सिरियस आहे का. तू छे म्हणालीस."

"सिरियस म्हणजे तुझ्या मनात काय होतं? मरणाचं?"

"शब्दात नको अडकवूस मला. मी फोनवर तुझा आवाज ऐकून ठरवलं. तू म्हणाली असतीस 'ये', तर आलो असतो. दिवसभर मी बसलो असतो त्यांच्यापाशी. पाटीला हात लावू दिला असता मी?"

त्याचं खरंच आहे. एक 'ये' म्हणायचं होतं.

११ फेब्रुवारी

नाना चहा ओतायला गेले. कपाच्या बाहेर ओतला. फडकं आणलं, पुसलं, पुन्हा ओतला. पुन्हा बाहेर. मला हाक मारली नाही. मी दारामागे उभी होते, पुढे झाले नाही. पुढे झाले असते तर रडले असते.

१३ फेब्रुवारी

बाईंनी चार पानांची आठवण केली. लिहितेय म्हटलं.

१५ फेब्रुवारी

लिहायला बसले. 'इम्पॉर्टंट' झाला, 'सिग्निफिकंट' झाला. कचऱ्याच्या डब्याचं उदाहरण घातलं. 'इसेन्शियल'ही उरकला. 'क्रिटिकल'पाशी आले आणि पेन खाली ठेवलं. मी! काठावर, आत्ता सावरलं तर सावरलं, असं टेचात सांगणारी मी!

पूर्णविराम समोर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. दोन्ही वेळचं खोटंसुद्धा. ते नेहमीसारखं थांबून म्हणाले,

"तुला शब्द आठवत नव्हता असं नाही."

"नाही."

"तुला घाबरवायचं नव्हतं."

"नाही."

"त्या खोलीत तू मुलगी होतीस. दुभाषी कुणीच नव्हतं." मग कपबशी उचलली. "मी उठायला नको होतं खुर्चीवरून. म्हणजे, उठून परत बसायला नको होतं. तेही आहे."

सांत्वन नव्हतं ते. पण त्यांनी स्वतःचा वाटा उचलला आणि मला त्यानेच जास्त ओशाळल्यासारखं झालं.

१९ फेब्रुवारी

नानांना सांगायचं. आज सांगायचं. नाही सांगितलं.

२० फेब्रुवारी

शिंपीणबाईंनी पाटी लावली. सगळ्या जिन्याने कौतुक केलं. नानांना हात धरून खाली नेलं. ते एका डोळ्याने लांबून, मग जवळून बघत राहिले. "वेलांटी जरा खाली आलीय," म्हणाले. वर येताना कठड्याला घट्ट धरून होते.

२२ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस. सकाळी चहा झाल्यावर सांगून टाकलं. एका दमात. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, त्यातलं मी किती सांगितलं, किती गिळलं. "नाना, मी नुसतं महत्त्वाचं म्हणाले. तुम्हाला कळणारच कसं? डोळा माझ्यामुळे गेला."

नाना रागावतील, गप्प बसतील, जाऊ दे म्हणतील. तिन्हीची तयारी होती. ते म्हणाले,

"मला माहीत होतं."

"काय?"

"त्या बाई क्रिटिकल म्हणाल्या. दोनदा. एवढं इंग्रजी मला कळतं, पोरी."

कळत होतं तर उठून बसलात कशाला? तोंडातून निघालंच ते.

"तुझ्या आईच्या वेळी त्यांनी हाच शब्द वापरला होता. तू परीक्षेला गेलेली. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, पेशंट क्रिटिकल आहे. संध्याकाळी ती गेली." नाना टेबलावरचा रंगाचा जुना डाग नखाने खरवडत होते. "मला दुसरा अर्थ कुठे ठाऊक? म्हटलं, आपलंही आलं. डोळ्यातून काहीतरी डोक्यात चढलं असणार."

"अहो नाना!"

"आणि तू महत्त्वाचं म्हणालीस आणि माझा हात दाबलास. मग तर खात्रीच पटली. पोरीला सांगवत नाहीये. म्हटलं, आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर."

म्हणून ते गुपचूप पडले होते! म्हणून ब्रश देऊन टाक. म्हणून दादा लवकर नाही का येणार. आणि मी त्यांना काय म्हणाले? त्याला कामं असतात.

"जाणारच आहोत तर पाटी अर्धी टाकून कशाला जायचं? लोकांचं काम घरात अडकून राहतं. म्हणून बसलो." मग नाना चक्क हसले. "तीन-चार दिवस झाले, आठवडा झाला, तरी मी आपला आहेच! म्हटलं, डॉक्टरीण कच्ची दिसते."

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. इतकं की नानांनाच माझी पाठ थोपटावी लागली. पाठ शोधताना त्यांचा हात आधी खुर्चीला लागला.

मी त्यांना घाबरवायचं नाही म्हणून मऊ शब्द काढला. त्या मऊ शब्दानेच ते मरणाच्या तयारीला लागले. आठवडाभर! माझ्या घरात, मी वाढलेलं जेवत, मरणाची वाट बघत, माझ्यापासून लपवत. डोळ्याचं एक वेळ सोसेन. पण तो आठवडा? त्यांना एकटं ठेवलं मी त्यात. डबा भरून कामावर जात होते रोज.

मी म्हटलं, "विचारायचं होतं मला. एकदा."

"तू सांगायचं होतंस," नाना म्हणाले. हळूच. पण म्हणाले.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. फाइलमधलं वाक्य त्यांनी माझ्यासमोर बदललं. मग बाईंना सांगितलं. "काही महिने डोळ्यांच्या विभागात जाऊ नकोस," म्हणाल्या. मी मान हलवली. दार लावून घेताना मागून आवाज आला, "आणि ती पानं तूच लिहायचीस. आता तुलाच लिहिता येतील."

येतील का? आज तरी नाही.

२७ फेब्रुवारी

लिहिलं. 'क्रिटिकल'साठी एक मराठी शब्द द्यायचा नाही असं लिहिलं. काय करायचं, किती दिवस करायचं आणि नाही केलं तर काय होईल, ते साध्या वाक्यात सांगायचं. पेशंटला तो शब्द आधीच ऐकू गेलेला असतो, त्याच्या घरी त्याचा अर्थ वेगळा असू शकतो. विचारायचं, 'तुम्हाला काय समजलं?' उत्तर येईपर्यंत थांबायचं.

चारऐवजी सहा पानं झाली. बाईंनी वाचली, सही केली. शाबासकी दिली नाही. बरं झालं.

३ मार्च

उजव्या डोळ्याची तपासणी होती. नाना दारातच म्हणाले, "तू बाहेर बस." पूर्णविरामांना घेऊन आत गेले. मी बाकावर. बराच वेळ.

बाहेर आले, माझा दंड धरला, चालायला लागले. आधी रस्ता ओलांडला. मग म्हणाले,

"उजवाही सुटायला लागलाय. उद्या सकाळी ऑपरेशन. धरेल की नाही, डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. दादाला मी फोन केलाय, रात्री पोचतोय. रडायचं असेल तर आत्ता रडून घे. उद्यापासून मला तू लागणार आहेस."